ओएई पास, बेरा फेल: कानाची नस काम करते का, हे कसं तपासतात?

काही आईबाबांच्या हातात बाळाच्या कानांच्या तपासणीचे असे दोन कागद पडतात, की एक खरा धरला तर दुसरा खोटा वाटावा. एकावर लिहिलेलं असतं, ‘ओएई: दोन्ही कान पास’. दुसऱ्यावर, ‘बेरा: ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही’. पहिल्या कागदाप्रमाणे कान ठणठणीत, दुसऱ्याप्रमाणे मूल ठार बहिरं. घरी आजी थाळी वाजवून बघते. मूल एकदा दचकतं, एकदा ढिम्म हलत नाही. शेजारचे म्हणतात, मशीन बिघडलं असेल, दुसरीकडे करून घ्या. दुसरीकडेही तेच निघतं.

दोन्ही कागद खरे असू शकतात, कारण त्या दोन तपासण्या कानातल्या दोन वेगळ्या जागांची खबर देतात. आतला कान आवाज पकडतो, पण तो नसेवरून मेंदूकडे नीट जात नाही, अशा अवस्थेला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. फाइलीवर बहुतेक वेळा ‘एएनएसडी’ लिहिलेलं असतं. कायमचा श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला हा प्रकार असतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे हे दुर्मिळातलं दुर्मिळ दुखणं नाही. तरी त्याच्या तपासण्या वाचताना इतके घोळ होतात, की त्या नेमकं काय मोजतात हे घरच्यांनाही ठाऊक असलेलं बरं.

पेशी, फट आणि नस

आवाज पडद्यावर आदळतो, तीन इवल्या हाडांतून आत सरकतो आणि कॉक्लिया या वेटोळ्या, द्रवाने भरलेल्या अवयवात पोचतो. तिथे केसपेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या तीन रांगांत साधारण १२,००० पेशी, आतल्या एकाच रांगेत साधारण ३,५००. आकडे बघून वाटेल की मुख्य काम बाहेरच्या पेशींचं असणार. पण बाहेरच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतः लांब-आखूड होतात आणि हलक्या आवाजाला जोर देतात, एवढंच. मेंदूला खबर पाठवण्याचं जवळजवळ सगळं काम आतल्या रांगेकडे आहे. श्रवणनसेत साधारण ३०,००० तंतू असतात आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त याच आतल्या पेशींना भिडलेले असतात.

भिडलेले म्हणजे चिकटलेले नव्हेत. पेशी आणि तंतू यांच्यात अतिसूक्ष्म फट असते. पेशी हलली की ती या फटीत ग्लुटामेट हे रसायन सोडते, तंतू ते टिपतो आणि विजेचा एक ठोका मेंदूकडे रवाना करतो. ऑडिटरी न्यूरोपथीत बिघाड आतल्या पेशीत असू शकतो, फटीत असू शकतो, तंतूत किंवा तंतूभोवतीच्या आवरणात असू शकतो. काही मुलांत तर नसच फार बारीक असते किंवा तयारच झालेली नसते. बाहेरच्या पेशी मात्र शाबूत असतात, निदान सुरुवातीला तरी.

ओएई ही तपासणी फक्त या बाहेरच्या पेशींची आहे. त्या हलतात तेव्हा अगदी हलका आवाज उलट बाहेर येतो. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो पहिल्यांदा नोंदवला, आणि आज तोच आवाज एका छोट्या माइकने टिपून तान्ह्या बाळांचं स्क्रीनिंग होतं. तपासणी झटपट होते, स्वस्त आहे, बाळाला काही टोचावं लागत नाही. पण नसेबद्दल ती अवाक्षर काढत नाही. म्हणून ज्या बाळाचा जन्म वेळेआधी झाला, ज्याला जन्मताना प्राणवायू कमी पडला, ज्याची कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं, किंवा जे पाच दिवसांहून जास्त काळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, त्याचं स्क्रीनिंग नुसत्या ओएईवर सोडू नये. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ साली एनआयसीयूतल्या अशा बाळांसाठी बेरावर आधारित स्क्रीनिंगच करा, असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून डिस्चार्जच्या कागदावर ‘ओएई पास’ लिहून विषय मिटवला जातो. कावीळ झालेल्या बाळाच्या बाबतीत मला हे सरळसरळ चुकीचं वाटतं, कारण वाढलेलं बिलिरुबिन केसपेशींना बहुधा धक्का लावत नाही; ते नसेला आणि तिच्या पुढच्या मेंदूतल्या केंद्रांना इजा करतं. म्हणजे जी जागा दुखावण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तीच न तपासता बाळ घरी जातं.

बेरा सरळ रेष दाखवतो तेव्हा

बेरामध्ये बाळाला झोपवून कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात. कानात ‘टक्-टक्’ असे आवाज सोडतात. प्रत्येक आवाजानंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत नसेतून आणि मेंदूच्या देठातून विजेच्या लहरी जातात. त्यांना १ ते ५ असे क्रमांक आहेत. पहिली लहर नसेच्या कानाजवळच्या टोकाची, पाचवी बरीच वरची. डॉन ज्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९७१ च्या शोधनिबंधांत त्या माणसाच्या डोक्यावरून स्पष्ट टिपल्या, आणि हे क्रमांकही त्यांचेच.

या लहरी एक मायक्रोव्होल्टहूनही लहान असतात. मेंदूची बाकीची वीज आणि स्नायूंची हालचाल यांपुढे त्या दिसतही नाहीत. म्हणून यंत्र एक-दोन हजार वेळा आवाज सोडतं आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतं. जे दर वेळी त्याच क्षणी घडतं ते सरासरीत टिकतं, जे कधीही घडतं ते पुसलं जातं.

इथेच सगळी मेख आहे. ढोल-ताशाचं पथक आठवा. शंभर ढोल एका टिपरूवर पडले तर तो ठोका दोन गल्ल्या सोडून ऐकू येतो. तेच शंभर जण आपापल्या मनाने, मागेपुढे वाजवू लागले तर लांबून नुसती घुमघुम येते, ठोका म्हणून काही उरत नाही. कुणी वाजवायचं थांबलेलं नसतं, फक्त ताल गेलेला असतो. बेरा डोक्याच्या बाहेरून, म्हणजे लांबूनच ऐकतो. नसेचे तंतू मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशात एकत्र पेटले नाहीत तर बेराची रेष सपाट येते. तंतू मुके असले तरी रेष सपाट, आणि बेताल असले तरीही सपाट.

सर्वसाधारण बहिरेपणात बेरा किती डेसिबलला दिसतो, यावरून मूल किती ऐकतं याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. ऑडिटरी न्यूरोपथीत तो अंदाज बांधता येत नाही. बेरा सपाट असलेलं एखादं मूल ३० डेसिबलचा आवाज ओळखतं, दुसऱ्याला ९० डेसिबलचाही कळत नाही. दोघांचे कागद मात्र सारखेच. म्हणून सपाट बेरावरून ‘शंभर टक्के बहिरेपण’ असा शेरा मारणं, आणि त्यावरून लगेच जोरदार मशीन लावणं किंवा ऑपरेशन ठरवणं, ही घाई आहे.

कानाचा आवाज आणि नसेचा आवाज

बेराच्या रेषेत कधीकधी सुरुवातीलाच लहरींसारखं काहीतरी दिसतं. ते नसेचं आहे, असं वाटण्याचा मोह होतो. या गोंधळाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९३० मध्ये प्रिन्स्टनला अर्नेस्ट वीव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी बेशुद्ध मांजराच्या श्रवणनसेला तार जोडली आणि तिचं दुसरं टोक लांबच्या खोलीत टेलिफोनच्या रिसीव्हरला लावलं. मांजराच्या कानाशी बोललेले शब्द त्या खोलीत चक्क ऐकू आले. नस टेलिफोनच्या तारेसारखा आवाज वाहून नेते, असा त्यांचा समज झाला. पुढच्याच वर्षी एडगर एड्रियन यांनी दाखवलं, की ऐकू येणारं बरंचसं नसेचं नव्हतंच, ते कॉक्लियातून येत होतं. केसपेशी आवाजाची विद्युत नक्कल तयार करतात. तिला कॉक्लिअर मायक्रोफोनिक म्हणतात, आपल्या ऑडिओलॉजिस्टच्या बोलण्यात नुसतं ‘सीएम’.

आज हेच सीएम एएनएसडी पकडायला कामाला येतं. युक्ती अशी आहे. ‘टक्’ हा आवाज दोन प्रकारे करता येतो. एकात इअरफोन पडद्याकडे हवा ढकलतो, दुसऱ्यात ओढून घेतो. सीएम ही आवाजाची हुबेहूब नक्कल, त्यामुळे आवाज उलटा केला की सीएमही उलटं होतं, जिथे शिखर होतं तिथे दरी येते. नसेची लहर तशी उलटत नाही, ती थोडी मागेपुढे होते इतकंच. म्हणून दोन्ही प्रकारांचे आलेख वेगवेगळे काढून एकावर एक ठेवायचे. आरशातल्या प्रतिमेसारखे उलट दिसले, तर ते केसपेशींचं काम. आणि त्यामागोमाग पाचवी लहर कुठेच दिसली नाही, तर संशय पक्का.

आणखी एक खूण. आवाज ९० वरून ७० डेसिबलवर आणला की नसेची लहर उशिरा येऊ लागते. सीएम लहान होतं, पण जागेवरून हलत नाही.

खोड अशी, की बेराची अनेक यंत्रं दोन्ही प्रकारचे आवाज आलटून-पालटून देण्याच्या सेटिंगवर असतात. नेहमीच्या कामाला ते सोयीचं आहे, कारण त्यात नको असलेला विद्युत कचरा आपोआप वजा होतो. पण त्याच्याबरोबर सीएमही वजा होतं. मग एएनएसडी असलेल्या मुलाचा आलेख अगदी साध्या, तीव्र बहिरेपणासारखा कोरा येतो, आणि निदान हुकतं.

याच्या उलट चूकही होते. इअरफोनच्या विजेचा खोटा ठसा आलेखात उमटतो आणि तोच सीएम म्हणून वाचला जातो. ते ओळखायला सोपा उपाय आहे. कानात जाणारी रबरी नळी चिमट्याने दाबून बंद करायची आणि पुन्हा नोंद घ्यायची. आवाज कानात गेलाच नाही, तरी लहर तशीच दिसली, तर ती यंत्राची होती. सीएम असेल तर नाहीसं होतं. याला एखादं मिनिट जादा लागतं. रिपोर्टमध्ये नळी बंद करून घेतलेला आलेख दिसला, की करणाऱ्याला विषय कळतो एवढी खात्री मला वाटते.

सीएमचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. एएनएसडीच्या कित्येक मुलांत काही वर्षांनी ओएई नाहीसे होतात. सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलं असेल तरीही ते मिळत नाहीत. सीएम मात्र बहुधा टिकून राहतं. त्यामुळे ‘ओएई नाही, म्हणजे एएनएसडी नाही’ हा निष्कर्ष तितकाच कच्चा.

जिथे बेराची सोय लांब आहे, तिथे एक स्वस्त तपासणी इशारा देऊ शकते. मोठा आवाज आला की मधल्या कानातला छोटा स्नायू आपोआप आवळला जातो. हा रिफ्लेक्स इम्पिडन्सच्या यंत्रावर जागेपणीच तपासता येतो, आणि त्याचा मार्ग नसेतूनच जातो. न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बर्लिन यांच्या गटाने २००५ मध्ये अशा १३६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ओएई चांगले असूनही त्यांच्यातल्या एकाचेही सगळे रिफ्लेक्स नॉर्मल नव्हते. म्हणजे ओएई पास आणि रिफ्लेक्स गायब, ही जोडी दिसली की बेरा करायलाच हवा.

मग मूल ऐकतं किती?

याचं उत्तर मूलच देतं, यंत्र नाही. सहा-सात महिन्यांपासून मुलाला आवाजाकडे वळायला शिकवता येतं. वळलं की बाजूच्या पेटीत दिवा लागून खेळणं हलतं. अडीच-तीन वर्षांचं झालं की ‘आवाज आला की ठोकळा डब्यात टाक’ हा खेळ. यातून ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती मोठा असला की मुलाला ऐकू येतो याचा आलेख मिळतो. तो नॉर्मलच्या जवळ असू शकतो किंवा पार तळाला, आणि काही मुलांत एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत बदलतोही. आजीच्या थाळीला कधी दाद मिळते, कधी नाही, ते काही आजीचं चुकत नसतं.

ऑडिओग्रामवरही थांबून चालत नाही. या मुलांचं खरं दुखणं शब्दांत आहे. ‘पाट’ आणि ‘बाट’ यांतला फरक मिलिसेकंदांत मोजायचा. नसेचा ताल बिघडला, की असे फरक पुसट होतात. आवाज आला हे कळतं, काय म्हटलं ते कळत नाही, आणि वर्गातल्या गोंगाटात तर काहीच हाती लागत नाही. म्हणून मूल पुरेसं मोठं झालं की शब्द ओळखण्याची चाचणी शांततेत आणि गोंगाटात, अशी दोन्ही घ्यावी.

बोलता न येणाऱ्या वयासाठी मधला एक मार्ग आहे. बेरा पहिले दहा मिलिसेकंद बघतो. कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा प्रतिसाद त्यानंतर लहान मुलांत शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ती लहर रुंद असते, तिला तालाची इतकी काटेकोर गरज नसते. मेलबर्नच्या गॅरी रान्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की एएनएसडीच्या साधारण निम्म्या मुलांत बेरा नसतानाही ही लहर मिळते, आणि ज्यांच्यात मिळते त्यांना श्रवणयंत्राने शब्द समजण्याचा फायदा होतो. ही तपासणी मूल जागं आणि शांत असताना करावी लागते, त्यामुळे करणाऱ्याच्या चिकाटीचीही तिथे परीक्षा होते.

कावीळ झालेल्या किंवा कमी दिवसांच्या बाळात आणखी एक शक्यता धरून चालावी लागते. काहींची नस पहिल्या वर्ष-दीड वर्षात सावरते आणि हरवलेला बेरा परत येतो. म्हणून पुन्हा तपासणी हवी. पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. श्रवणयंत्र लावून बघणं, थेरपी, हातवारे किंवा खुणांची भाषा, यातलं काहीही बेरा परत येण्याची वाट बघत अडवून ठेवायचं कारण नाही.

बिघाड नेमका कुठे?

१९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांचं वर्णन छापलं, तिथून ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव रूढ झालं. त्या दहांपैकी आठ जणांच्या हातापायांच्या नसाही आजारी होत्या, त्यामुळे दोष नसेत आहे असं मानणं साहजिक होतं. पुढे लक्षात आलं की पुष्कळ लहान मुलांची नस चांगली असते, तिच्यापर्यंत खबरच पोचत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ओटीओएफ या जनुकाचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या क्रिस्तीन पेती यांच्या गटाने ते १९९९ मध्ये शोधलं. त्यापासून ऑटोफर्लिन हे प्रथिन बनतं. पेशी हलली की फटीत रसायन सोडायचं काम याच्यावाचून होत नाही. आईबाबा दोघांकडून सदोष प्रत आली तरच मूल बहिरं होतं; म्हणून मामा-आत्याच्या मुलांत लग्न झालेल्या घरांत याची शक्यता वाढते, आणि महाराष्ट्राच्या काही भागांत असे विवाह अजून होतात. या जनुकाचा एक विलक्षण प्रकारही आहे: मूल एरवी बऱ्यापैकी ऐकतं, ताप चढला की बहिरं होतं आणि ताप उतरला की पुन्हा ऐकू लागतं. घरच्यांनी असं काही सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नये.

जागा शोधायची एक थेट तपासणी म्हणजे इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी. भूल देऊन पडद्यातून बारीक सुई कॉक्लियाच्या हाडापर्यंत नेतात आणि तिथूनच नोंद घेतात. इतक्या जवळून केसपेशींचा प्रतिसाद आणि नसेचा ठोका वेगवेगळे वाचता येतात. इटलीत पादोव्हाच्या रोझामारिया सांतारेल्ली यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे. त्यांची एक हुशारी अशी, की आवाज फार भराभर द्यायचे. नस दमते आणि तिचा प्रतिसाद आटतो, केसपेशींचा तितका आटत नाही. ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते आणि प्रत्येक मुलाला लागतही नाही.

एमआरआय मात्र कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशनने कॉक्लियात तार बसवून नसेला थेट वीज देणाऱ्या यंत्राचा विचार असेल तर टाळू नये. श्रवणनस बारीक आहे की मुळात नाहीच, हे फक्त तिथे दिसतं. अशा कानातही ओएई आणि सीएम अगदी छान मिळू शकतात, कारण केसपेशींना नसेशी काही देणंघेणं नसतं. विशेषतः एकाच कानाला एएनएसडी निघाली तर आधी नस बघावी.

नसेलाच थेट विचारायचं

कॉक्लिअर इम्प्लांट हा पर्याय ऐकून पालकांना पडणारा प्रश्न बिनतोड असतो: नसच खराब आहे म्हणता, मग नसेला वीज देऊन काय होणार? सुरुवातीला अनेक केंद्रांनी याच शंकेमुळे अशा मुलांना इम्प्लांट नाकारले. मग २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जॉन शॅलप आणि सहकाऱ्यांनी पाच मुलांचा अनुभव छापला. इम्प्लांटनंतर त्या मुलांच्या नसेने चोख उत्तर दिलं होतं. आवाजाला बेताल असणारी नस विजेच्या ठोक्याला एका तालात उठत होती.

त्याचं कारण दोन गोष्टींत आहे. बिघाड आतल्या पेशीत किंवा फटीत असेल, तर इम्प्लांट ती जागाच ओलांडून थेट नसेशी बोलतो. आणि विजेचा झटका इतका अणकुचीदार असतो की दुबळे तंतूही एकाच क्षणी पेटतात.

हे उत्तर मोजायची सोय इम्प्लांटमध्येच असते. त्याच्या तारेवर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. एकातून नसेला झटका द्यायचा आणि शेजारच्याने नसेचं उत्तर ऐकायचं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं; आपल्याकडे सर्रास ‘एनआरटी’ म्हणतात. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येऊन जातं. पहिली दरी साधारण ०.३ मिलिसेकंदाला. ऐकणारा इलेक्ट्रोड नसेच्या कुशीतच असल्याने लहर बेरापेक्षा कितीतरी मोठी मिळते. मूल झोपलेलं, हललेलं, रडणारं, भुलीत असलेलं, कशानेही फारसं अडत नाही. म्हणून ऑपरेशन टेबलावर, टाके घालण्याआधीही ती घेता येते.

अडचण फक्त एक, पण मोठी. दिलेला झटका इतका जबर असतो की त्यामागे नसेचं उत्तर झाकलं जातं. यावर काढलेली वाट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. नस एकदा पेटली की पुढचा अगदी थोडा वेळ पुन्हा पेटू शकत नाही. मग आधी एक झटका देऊन तिला थकवायचं आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत दुसरा द्यायचा. या दुसऱ्याच्या नोंदीत झटका आहे, नसेचं उत्तर नाही. एकट्या झटक्याच्या नोंदीतून ही वजा केली की उरतं ते फक्त नसेचं उत्तर. प्रत्यक्षात अजून एक-दोन वजाबाक्या लागतात, पण गाभा हाच.

मग पुढे प्रश्न येतो, नसेच्या पलीकडे काय? त्यासाठी इम्प्लांटमधून झटका देऊन डोक्यावरून बेरा घेतात, ज्याला ई-बेरा म्हणतात. त्यात पाचवी लहर साधारण ४ मिलिसेकंदांना येते, आवाजाने होणाऱ्या बेराहून लवकर, कारण कानातला सगळा प्रवास वाचलेला असतो. ती दिसली तर खबर मेंदूच्या देठापर्यंत पोचते आहे. कावीळ झालेल्या मुलांत हे बघणं मोलाचं, कारण तिथे नस चांगली आणि पुढची केंद्रं दुखावलेली असू शकतात. एनआरटी छान येतं, ई-बेरा येत नाही.

नस बारीक असलेल्या मुलांत चित्र वेगळं असतं. एनआरटी मिळायला जास्त करंट लागतो, उत्तर लहान येतं, काही इलेक्ट्रोडवर येतच नाही. त्या मुलांचे निकालही सरासरीने कमजोर असतात. ओटीओएफच्या मुलांत निकाल बहुधा उत्तम, कारण नस पूर्ण निरोगी. हा फरक ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी एमआरआय आणि जनुक तपासणीतून कळणं केव्हाही चांगलं.

एनआरटी आलं म्हणजे मूल बोलायला लागेल, असा त्याचा अर्थ मात्र नाही. करंट कितीपासून सुरू करायचा याचा अंदाज मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांट त्या मुलाप्रमाणे जुळवताना, त्यातून मिळतो, विशेषतः ‘जोरात वाटतंय का’ हे सांगता न येणाऱ्या बाळात. शब्दांचा अर्थ लावायला त्यानंतर थेरपीची काही वर्षं द्यावी लागतात.

ओटीओएफच्या मुलांसाठी आता आणखी एक दार उघडतंय. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र आणि कान-नाक-घसा रुग्णालयाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा मुलांवरच्या जनुक उपचाराचा अहवाल दिला. निरोगी जनुक एका विषाणूच्या कवचात मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे दोन कवचांतून कानात सोडले. सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं, आणि त्यांच्या सपाट बेरामध्ये लहरी उमटल्या. दोन्ही कानांना इम्प्लांट करायचं ठरवण्याआधी जनुक तपासणीचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा, असं मी म्हणतो ते यामुळेही.

महाराष्ट्रात सुरुवात कुठून करायची, तर जिल्हा रुग्णालयातलं लवकर निदानाचं केंद्र आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे दोन सरकारी पत्ते. जाताना आधीच्या बेराचे मूळ आलेख न्यावेत, नुसता शेरा लिहिलेला कागद पुरत नाही. दोन्ही प्रकारच्या आवाजांचे आलेख वेगळे काढलेत का, रिफ्लेक्स तपासलेत का, मधल्या कानात पाणी नव्हतं ना, हे तिथे विचारावं.

सगळी मुलं तान्हेपणीच सापडतात असंही नाही. भारतात किशोरवयात किंवा विशीत सुरू होणारी ऑडिटरी न्यूरोपथी पुष्कळ दिसते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेतल्या संशोधकांनी तिच्यावर बरंच लिहिलं आहे. दहावी-बारावीतली मुलगी म्हणते, आवाज येतो पण बोललेलं कळत नाही, फोनवर तर मुळीच नाही. ऑडिओग्राममध्ये जाड आवाजांचं ऐकणं थोडं कमी, बाकी ठीक. घरात ठरतं की हिचं लक्ष नसतं. अशा मुलीचे रिफ्लेक्स आणि बेरा आधी बघावेत, आणि त्यात शंका आली तर न्यूरोलॉजिस्टकडे हातापायांच्या नसाही तपासून घ्याव्यात.